रॉबर्ट यर्क्स : सैन्यभरतीत बुद्धी मोजणारे मानसशास्त्रज्ञ

रॉबर्ट यर्क्स यांचा जन्म २६ मे १८७६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. १९०२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली आणि मग अभ्यास कशाचा, तर उंदरांचा! गोल गोल फिरणाऱ्या 'नाचऱ्या' उंदरांवर त्यांनी १९०७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. लाखो तरुण भरती होत होते. त्यांतला अधिकारी होण्याजोगा कोण, कोणाला घेऊच नये, हे पटकन ठरवायचं कसं? यर्क्स तेव्हा अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी टर्मन, गोडार्ड वगैरे तज्ज्ञांना जमवून परीक्षा तयार केली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'आल्फा', इतरांसाठी चित्रांची 'बीटा'. सुमारे १७ लाख जणांनी ती दिली आणि प्रत्येकाला 'ए' ते 'ई' यांपैकी एक श्रेणी मिळाली.

आता 'बीटा'तलं एक पान बघा. अपुरं चित्र पूर्ण करायचं. टेनिसच्या मैदानात जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही, बल्बमध्ये तार नाही. सूचना हातवाऱ्यांनी, वेळ मोजून. इटलीच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या, टेनिस कधी न पाहिलेल्या माणसानं काय ओळखावं? उद्या अमेरिकेतल्या पोरासमोर विटी नसलेल्या विटीदांडूचं चित्र ठेवा, तोही 'ई' श्रेणीतच जाईल की! काहींनी तर पेन्सिल पहिल्यांदाच हातात धरली होती.

यातून निष्कर्ष निघाला की गोऱ्या सैनिकाचं सरासरी मानसिक वय १३ वर्षं, आणि पूर्व व दक्षिण युरोपातले स्थलांतरित व कृष्णवर्णीय त्याहून खाली. पण त्याच आकडेवारीत आणखी एक गोष्ट होती. जो जितकी जास्त वर्षं शाळेत गेला, किंवा जितकी जास्त वर्षं अमेरिकेत राहिला, त्याचे गुण तितके जास्त. हे समोर असूनही यर्क्स उपजत बुद्धीवरच अडून बसले. माझ्या मते शास्त्रज्ञ म्हणून ते इथेच कमी पडले.

लष्करालाही या परीक्षांचं फारसं कौतुक नव्हतं, १९१९ मध्ये काम बंद झालं. आकडे मात्र उरले. त्यांच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं, प्रस्तावना यर्क्स यांची. पुढच्याच वर्षी स्थलांतरितांची दारं अरुंद करणारा कायदा आला. १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी स्वतःचे निष्कर्ष निराधार असल्याचं छापून सांगितलं. यर्क्स तेव्हा फ्लोरिडात चिंपांझींच्या अभ्यासाचं केंद्र उभारण्यात गुंतले होते. ३ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचं निधन झालं.