क्षमा मिळाली, मग शांती का नाही?



प्रायश्चित्त संस्कार घेऊन आपण चर्चबाहेर पडतो. धर्मगुरूंनी पापक्षमा दिलेली असते, सांगितलेली प्रार्थनाही आपण केलेली असते. तरी वाटेतच मन कुरकुरू लागते: ते पाप आपण नीट सांगितले का? काही राहून तर गेले नाही ना? अशा मनाच्या माणसांना संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र मोठा दिलासा देते.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ साली स्पेनमधील लोयोला येथे एका सरदार घराण्यात झाला. तारुण्य दरबारी थाटात आणि मानमरातबाच्या मागे गेले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे वाचली व त्यांचे परिवर्तन झाले.

मार्च १५२२ मध्ये ते मोन्सेरात येथील मठात गेले. आयुष्यभराची पापे त्यांनी कागदावर लिहून काढली. त्यांचे ते पापनिवेदन तीन दिवस चालले! अंगावरची उंची वस्त्रे एका गरिबाला दिली, तलवार पवित्र मरियेच्या वेदीपाशी ठेवली आणि ते जवळच्या मान्रेसा गावी राहू लागले.

आता मन शांत व्हायला हवे होते. पण काही महिन्यांतच शंकांनी त्यांना घेरले. जुनी पापे एकामागून एक आठवू लागली. ते पुन्हापुन्हा पापनिवेदन करीत, पण समाधान मिळत नसे. जे अगदी स्पष्ट आठवते तेवढेच सांगा, असे धर्मगुरूंनी बजावले. पण इग्नेशियस यांना सारेच स्पष्ट आठवत होते! रोज सात तास गुडघे टेकून प्रार्थना करूनही उपयोग होईना. आत्महत्येचे विचारही मनात येऊ लागले. हे देवाचा अपमान करणारे कृत्य आपण करणार नाही, असे ओरडून ते त्या विचारांना दूर सारीत. मग देव शांती देईपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही असे ठरवून त्यांनी आठवडाभर उपवास केला. धर्मगुरूंनी आज्ञा देताच मात्र त्यांनी तो मोडला.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी शंका पुन्हा आल्या. आता तर हा मार्गच सोडून द्यावा असे त्यांना वाटू लागले. तेव्हा जणू झोपेतून जाग यावी तसे त्यांच्या लक्षात आले की, आपल्याला देवापासून दूर नेणारी ही टोचणी देवाकडून आलेली असूच शकत नाही. गतायुष्यातील पापे पुन्हा सांगायची नाहीत असा त्यांनी निश्चय केला आणि ते मुक्त झाले.

येथे एक फरक आपण ध्यानात घेतला पाहिजे. खरा पश्चात्ताप आपल्याला देवाकडे नेतो. शंकेखोर मन आपल्याला स्वतःभोवतीच फिरवत ठेवते. आपण मनापासून सांगितलेल्या पापांची क्षमा झाली आहे. एखादे गंभीर पाप खरोखर विसरले असेल तर त्याचीही क्षमा झालेली असते. पुढच्या वेळी ते सांगावे, एवढेच. क्षमा झालेली पापे पुन्हापुन्हा उकरून काढणे ही नम्रता नव्हे. आपले पाप देवाच्या दयेपेक्षा मोठे आहे, असेच जणू आपण म्हणत असतो. अशी टोचणी सतत छळत असेल तर एकाच धर्मगुरूंकडे जावे आणि त्यांचा सल्ला मानावा.

इग्नेशियस यांनी पापनिवेदन मात्र कधी सोडले नाही. पुढे त्यांनी येशू संघ स्थापन केला. त्याला १५४० साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली. गोव्यात ज्यांचे पवित्र अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती. ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या ग्रंथात इग्नेशियस यांनी अशा शंकांविषयी मार्गदर्शन केले आहे. जी जखम त्यांनी सोसली, तिचेच औषध ते इतरांना देऊन गेले. ३१ जुलै १५५६ रोजी ते प्रभूकडे गेले. त्याच दिवशी आपण त्यांचा सण साजरा करतो.

संत इग्नेशियस, आम्हांसाठी विनंती करा.