आलेख निर्दोष, आजार खरा

तळेगाव दाभाडे येथून सकाळच्या लोकलने पुण्यास जाणाऱ्या गर्दीत नोकरदार असतात, विद्यार्थी असतात, तसाच मेंदूचा विद्युत आलेख काढून घ्यावयास निघालेला एखादा रुग्णही असतो. अर्धा तास डोक्याला तारा लावून घेऊन तो संध्याकाळी परततो, तेव्हा हातातील कागदावर सर्व काही निर्दोष असल्याचे लिहिलेले असते. घरच्यांना हायसे वाटते. पण पुढच्याच पंधरवड्यात तो भरल्या ताटावरून कोसळला, की तोच कागद त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतो. यंत्राला काही सापडले नाही, त्या अर्थी हे मनाचे खेळ असावेत, कदाचित सोंगच असावे, अशी कुजबुज सुरू होते. अपस्माराच्या रुग्णाला झटक्याइतकाच हा संशय जाचतो. यंत्रे नव्हती तेव्हाही निदानाचा हा घोळ होताच. रशियन कादंबरीकार फ्योदोर दस्तयेव्हस्की याचे आयुष्य त्याची साक्ष देते.

दस्तयेव्हस्कीचा जन्म १८२१ साली मॉस्को येथे, गरिबांसाठी असलेल्या एका रुग्णालयाच्या आवारात झाला. वडील तेथेच डॉक्टर होते. राजद्रोहाच्या आरोपावरून १८४९ साली त्याला अटक झाली. वधस्थानी उभे केल्यावर अखेरच्या क्षणी त्याची देहान्ताची शिक्षा रद्द झाली आणि सायबेरियातील चार वर्षांची सक्तमजुरी त्याच्या वाट्याला आली. तेथे त्याचे झटके वाढले. डॉक्टरांनी मात्र हा नसांचा विकार आहे, राहणीमान पालटले की जाईल, असा दिलासा दिला होता. त्या भरवशावर त्याने १८५७ साली विवाह केला. वधूला घेऊन परतताना बार्नाउल गावी त्याला भीषण झटका आला आणि तेथील डॉक्टरने हा खरा अपस्मार असल्याचे स्पष्ट सांगितले. हे आधी कळले असते तर आपण लग्नच केले नसते, असे त्याने भावाला लिहून कळविले. खोट्या दिलाशाची किंमत अशी मोजावी लागते.

निदान झाले, पण खात्रीचा इलाज नव्हता. मग दस्तयेव्हस्कीने एक साधी गोष्ट केली. तो झटक्यांची नोंद ठेवू लागला. तारीख, तीव्रता, त्या दिवसाची हवा आणि नंतरची मनःस्थिती तो टिपून ठेवी. झटक्यापूर्वी काही क्षण अपूर्व आनंद आणि नंतर कित्येक दिवस स्मृतिभ्रंश, उदासी आणि अकारण अपराधी भावना, हे चक्र त्याने स्वतःच उलगडून सांगितले. १८६७ साली त्याने दुसरा विवाह केला. लवकरच पत्नी आन्ना हिने नातलगांच्या घरी, चारचौघांत त्याला कोसळताना पाहिले. इतर घाबरले, ती जवळ बसून राहिली. पुढे चौदा वर्षे तिने हा आजार जवळून पाहिला. रुग्णाला स्वतःचा झटका दिसत नाही, त्यामुळे अशा साक्षीदाराचे मोल मोठे असते.

त्याच्या साहित्यातही हे दुखणे उतरले. ‘द इडियट’चा नायक मिश्किन अपस्माराचा रुग्ण आहे. ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’मधील स्मेर्द्याकोव्ह हाही खराच रुग्ण, पण खुनाच्या रात्री तो झटक्याचे सोंग आणतो. खरे दुखणे आणि सोंग वरवर पाहता किती सारखे दिसतात, हे दस्तयेव्हस्कीला पुरते ठाऊक होते. १८७८ साली त्याचा तीन वर्षांचाही नसलेला मुलगा आल्योशा दीर्घ झटक्यात दगावला. १८८१ साली तो स्वतः निवर्तला. मृत्यूनंतरही संशय सुटला नाही. १९२८ साली सिग्मंड फ्रॉइडने त्याचे झटके उन्मादाचे असावेत, असा तर्क मांडला.

जर्मनीत हान्स बर्गर याने माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख १९२४ साली घेतला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. यंत्र आले, तरी प्रश्न संपला नाही. आलेख त्या अर्ध्या तासापुरते सांगतो, महिनाभराचे नव्हे. शिवाय मेंदूच्या खोल भागातील गडबड कवटीवरील तारांपर्यंत पोहोचतेच असे नाही. पहिल्या तपासणीत सुमारे निम्म्या रुग्णांचा आलेख निर्दोष येतो. झोपेत किंवा पुन्हा काढला असता दोष सापडण्याची शक्यता वाढते. एम.आर.आय.चे चित्रही अनेकदा स्वच्छ असते. म्हणून निदानाचा मुख्य आधार आजही रुग्णाची हकिगत आणि पाहणाऱ्याची साक्ष हाच आहे.

याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. प्रत्येक कोसळणे म्हणजे अपस्मार नव्हे. हृदयाच्या विकाराने शुद्ध हरपते, मनाच्या ताणानेही झटके येतात. पण तेही ढोंग नव्हे, त्यांवर उपचार निराळे. निवाडा तज्ज्ञाने करावयाचा. आलेख निर्दोष आला म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे मात्र जिवावर बेतू शकते.

हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा अडसर होता. तो १९९९ साली वगळण्यात आला. कायदा बदलला, तरी कांदा किंवा चप्पल हुंगविणारी माणसे आणि सोयरिकीच्या वेळी आजार दडविणारी घरे अद्याप आहेत. औषधे नियमित घेतल्यास सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. दस्तयेव्हस्कीला ही औषधे लाभली नाहीत. त्याच्यापाशी नोंदवही होती आणि विश्वास ठेवणारे एक माणूस होते. वर्गात कोसळलेल्या विद्यार्थ्याला आणि कचेरीत कोसळलेल्या सहकाऱ्याला कुशीवर वळवावे, त्याच्या तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर त्याला रुग्णालयात न्यावे, आणि जे पाहिले ते नीट लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. निर्दोष आलेखाच्या कागदावर जे उतरत नाही, ते या साक्षीतून कळते.