डोक्यावर गाडगं, हातात खराटा : लाखोंच्या धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांनी स्वतःसाठी काय ठेवलं?

कमी वस्तूंत राहण्याचे व्हिडिओ हल्ली रोज समोर येतात. पांढऱ्या भिंती, रिकामा ओटा, कपाटात मोजून दहा शर्ट. बघायला बरं वाटतं. पण त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आधी जुनं सगळं टाकून द्यायचं असतं आणि मग नवीन, साधं दिसणारं, महाग सामान आणायचं असतं.

आपल्याकडे एक माणूस होऊन गेला ज्याचं अख्खं सामान चालता चालता हातात मावायचं. एक फुटकं गाडगं, एक काठी, एक खराटा आणि अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं पांघरूण. गाडगेबाबांचं हे चित्र शाळेच्या भिंतीवर सगळ्यांनी पाहिलंय. स्वच्छतेचे संत म्हणून ते पाठही झालेत. पण त्यांनी वस्तू कमी का केल्या, हे समजायचं तर खराट्याच्या आधीची, कर्जाची गोष्ट बघावी लागते.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावला त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जात परीट. वडील झिंगराजी दारूच्या नादात गेले, तेव्हा डेबू अगदी लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे मामाची शेती होती. डेबू गुरं राखायचा, नांगर धरायचा, रात्री भजनात बसायचा. अंगाने दणकट, कामाला वाघ. शाळा मात्र त्याच्या वाट्याला आली नाही.

मामाची शेती सावकाराच्या घशात गेली. कर्ज घेताना कागदावर अंगठा लावला होता आणि त्या कागदावर काय लिहिलंय हे घरात कोणालाच वाचता येत नव्हतं. ताबा घ्यायला आलेल्या सावकाराला डेबूजीने शेतातच अडवलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळात वऱ्हाडातल्या किती घरांची हीच कथा होती. लग्न, बारसं, तेरवी, नवसाचा बकरा, जातीला जेवण. हे सगळं उसन्या पैशावर व्हायचं आणि व्याज पुढची पिढी फेडायची. घरात वस्तू नव्हत्या, तरी खर्च होता.

डेबूजीचं लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झालं. मुलगी झाली, बारसं ठरलं. अशा वेळी दारू आणि मटणाचं जेवण घालायची रीत होती. डेबूजीने पंगतीला गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद चिडले. आज वाचताना ही फार मोठी बंडखोरी वाटत नाही, पण ज्याला जातीच्या वाळीत पडायची भीती असते त्यालाच त्या पंगतीचं वजन कळतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या २९ व्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. मागे आई, बायको आणि लहान मुलं होती. पुढची बारा वर्षं ते गावोगाव फिरत राहिले.

याच भटकंतीत ते गाडगं त्यांना चिकटलं. खरं म्हणजे ते अख्खं गाडगंही नव्हतं, फुटलेल्या मडक्याचं खापर होतं. भाकरी मिळाली की त्यात घ्यायची, तहान लागली की त्यातूनच पाणी प्यायचं, ऊन लागलं की तेच डोक्यावर पालथं घालायचं. एका वस्तूची तीन कामं, आणि तीही लोकांनी फेकून दिलेली वस्तू. लोकांनी त्यावरूनच नाव पाडलं. त्याआधी कुठे गोधडेबुवा, कुठे चिंधेबुवा, कुठे लोटके महाराज अशी नावं मिळाली होतीच. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच.

चिंध्यांचं नवल मात्र आपल्यालाच जास्त वाटेल. खेड्यातल्या बाईला त्यात नवीन काही नव्हतं. जुनं लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी फाटली की पोतेरं, हा घराघरातला शिरस्ता होता. बाबांनी तो अंगावर घातला, इतकंच.

त्यांचा दिवस कसा जायचा? एखाद्या गावात शिरायचं आणि कोणाशी फार न बोलता खराटा चालवायला लागायचं. गटारं उपसायची, उकिरडे हलवायचे. सुरुवातीला लोक वेडा समजून हुसकून लावायचे. मग चार पोरं हातभार लावायची, संध्याकाळपर्यंत अर्धं गाव कामाला लागलेलं असायचं. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. जेवण कोणाच्या तरी दारात मागितलेल्या भाकरीचं, आणि तेही आधी काम करून. लाकडं फोडून द्यायची, अंगण झाडायचं, मग भाकरी घ्यायची. कोणी पाया पडायला वाकला तर पाठीत काठी बसायची. मठ नाही, गादी नाही, शिष्य नाही.

कीर्तनात ते प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तरं काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, लग्नात उधळू नका, दारू सोडा, नवसाला बकरं कापू नका, शिवाशीव पाळू नका. आणि मग ते मुख्य मुद्द्यावर येत. घरातली ताटं विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, बायकोला लुगडं स्वस्तातलं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते सांगायचे.

घर सोडून माझ्यासारखे फिरा, असं त्यांनी संसारी माणसाला सांगितलं नाही. घरातला कोणता खर्च काढायचा आणि वाचलेला पैसा कुठे घालायचा, दोन्ही नेमकं सांगितलं. ज्या घरात अंगठा लावून जमीन गेली, त्या घरातल्या मुलाने अक्षराची किंमत ताटापेक्षा जास्त लावावी, यात आश्चर्य नाही.

गंमत अशी की याच माणसाच्या शब्दावर लाखो रुपये जमत होते. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला. मूर्तिजापूरला गोरक्षण उभं राहिलं. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर मुद्दाम त्यांच्यासाठी, ज्यांना वारीत डोकं टेकायला जागा मिळत नव्हती. बाबा त्या इमारतींमध्ये मालकासारखे कधी राहिले नाहीत. कारभार पाहायला विश्वस्त नेमले आणि आपल्या कुटुंबाचा त्यावर हक्क ठेवला नाही. पुढे पंढरपूरची एक इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. बाबा आजारी असताना आंबेडकर दोन घोंगड्या घेऊन भेटायला गेले होते आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या ठेवून घेतल्या, अशीही एक आठवण सांगितली जाते.

पण या हिशेबात कुंताबाईंचं काय? बाबांनी गरिबी स्वतः निवडली होती, त्यांच्या बायकोने नाही. नवऱ्याच्या नावाने मोठमोठ्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्या ऋणमोचनला झोपडीत राहत होत्या, असं चरित्रांमध्ये येतं. घरच्यांना धर्मशाळेतलं सुख लागू नये, यावर बाबांचा कटाक्ष होता. मुलगा गोविंद १९२३ मध्ये वारला. ती बातमी कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. हा प्रसंग नेहमी वैराग्याचं उदाहरण म्हणून सांगतात. वाचताना माझं लक्ष मात्र त्याच वेळी घरी असलेल्या आईकडे जातं. तिच्याबद्दल लिहिलेलं फार कमी सापडतं.

प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच, १९५२ मध्ये, त्यांचं चरित्र लिहिलं. त्याच वर्षी संस्थांचं काम पुढे चालवायला गाडगे महाराज मिशन सुरू झालं. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं असल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकायला मिळतो. वऱ्हाडी बोली, थकलेला गळा, आणि समोरून हुंकार देणारी गर्दी.

६ डिसेंबरला आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ ला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीला आहे. तिथल्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे, आणि २०००-०१ मध्ये राज्य सरकारने सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही.

मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घेणारे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. गावाहून आणलेली एखादी पिशवी, रिपोर्टची फाईल, एखादी चादर, एवढंच बहुतेकांच्या सोबत असतं.