मास्तरकीच्या परीक्षेत नापास झाला, पण थेंबाला विजेच्या तालावर नाचवून गेला

हातात मावेल एवढी एक चिप. तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब आणि प्रत्येक थेंबात जिवंत पेशी. पंप नाही, नळी नाही. खालचे इलेक्ट्रोड एकामागून एक चालू-बंद केले की थेंब आपोआप पुढे सरकतो आणि औषधाच्या थेंबात जाऊन मिसळतो.

हे सुरू कुठून झालं? तर गॅब्रिएल लिपमनपासून.

जन्म 1845 चा, लक्झेंबर्गचा. वाढला पॅरिसमध्ये. आवडेल तेवढंच शिकायचं असा खाक्या, त्यामुळे शिक्षक होण्याच्या परीक्षेत गडी नापास झाला. पुढे फ्रेंच सरकारच्या कामानिमित्त तो जर्मनीला गेला. तिथे हायडेलबर्गमध्ये क्यूने नावाच्या प्राध्यापकानं त्याला एक प्रयोग दाखवला. सौम्य गंधकाम्लाखाली पाऱ्याचा थेंब. लोखंडी तार टेकवली की आकसतो, काढली की पुन्हा पहिल्यासारखा.

दुसरा कोणी गंमत बघून निघून गेला असता. लिपमननं कारण शोधलं: विजेमुळे थेंबाच्या पृष्ठभागावरचा ताण बदलतो. त्यावर 1875 मध्ये डॉक्टरेट मिळवली. बारीक काचनळीत पारा भरून व्होल्टच्या हजाराव्या भागाइतका फरक दाखवणारं यंत्रही बनवलं. याच यंत्रावर 1887 मध्ये लंडनच्या ऑगस्टस वॉलरनं माणसाच्या हृदयाची वीज शरीराबाहेरून टिपली. आपला ईसीजी निघाला तो इथून!

पण 1908 चं नोबेल त्याला मिळालं रंगीत फोटोग्राफीसाठी. फोटो अप्रतिम यायचे, पण एकेका फोटोला फार वेळ लागायचा आणि प्रती काढता यायच्या नाहीत. ती पद्धत काही चालली नाही. (मेरी क्युरी त्याच्याच प्रयोगशाळेत काम करायच्या. 1898 मध्ये किरणोत्सर्गावरचा त्यांचा पहिला निबंध अकादमीपुढे मांडला तोही यानंच.)

1921 मध्ये कॅनडाहून परतताना जहाजावरच लिपमन वारला.

पाऱ्याची युक्ती पाण्याला लावायला मात्र बराच काळ गेला. अडचण साधी होती. पाण्यात थेट वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू होऊ लागतात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुनो बर्ज या फ्रेंच शास्त्रज्ञानं थेंब आणि इलेक्ट्रोडच्या मध्ये वीजरोधक पातळ थर घातला. आता विजेचा बहुतेक दाब त्या थरावरच पडतो, थेंब हलतो आणि आतल्या पेशी जिवंत राहतात.