बाबासाहेबांची शिफारसपत्रे

परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज सुटले की वस्तीतल्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास येतो: शिफारसपत्र कोणाचं घ्यावं? बहुतेक जण विभागप्रमुखाच्या नाहीतर एखाद्या आमदाराच्या दारात उभे राहतात. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे या नजरेने आपण फारसं पाहत नाही.

त्यांचे पहिले शिफारस करणारे कृष्णाजी अर्जुन केळूसकर. बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावाला त्यांनी हेरलं होतं. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं आणि पुढे शिक्षण पैशाअभावी अडलं तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत नेलं. महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळूसकर काही मोठे सत्ताधारी नव्हते, पण मुलगा काय वाचतो हे त्यांना ठाऊक होतं.

1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे जॉन ड्यूई होते, गोल्डनवायझर होते. गोल्डनवायझर यांच्याच चर्चासत्रात मे 1916 मध्ये त्यांनी जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. ड्यूई यांचा प्रभाव तर आयुष्यभर राहिला. मात्र सर्वाधिक अभ्यासक्रम त्यांनी अर्थशास्त्राचे घेतले, आणि संशोधनाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानातील सरकारी वित्तव्यवस्था. एडविन सेलिग्मन हे करआकारणी आणि सार्वजनिक वित्ताचे नामांकित अभ्यासक. म्हणजे या विद्यार्थ्याचं काम तपासायला त्यांच्याइतका योग्य माणूस तिथे नव्हता.

1916 मध्ये बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्ती संपल्याने 1917 मध्ये परतावं लागलं. पुस्तकं आणि सामान वेगळ्या बोटीने पाठवलं होतं, ती बोट टॉर्पेडोने बुडाली. पुढे बडोद्यातला अपमान आणि सिडनहॅम कॉलेजातली नोकरी. त्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडचं कर्ज, एवढ्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले.

सेलिग्मन यांनी लंडनच्या संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहून संशोधनात या विद्यार्थ्याला मदत करण्याची विनंती केली. एक अर्थशास्त्रज्ञ दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाला लिहीत होता, तेही कोलंबिया सोडून चार वर्षं झालेल्या विद्यार्थ्यासाठी! आपल्याकडे निकाल लागला की सरांचा फोन नंबरही आपण जपून ठेवत नाही. गंमत म्हणजे फॉक्सवेल यांनी संस्थेच्या सचिवांना कळवलं, की या माणसाचं डॉक्टरेटचं काम आधीच झालेलं आहे, त्याला जिंकण्यासारखं इथे काही उरलेलं नाही. बाबासाहेबांनी तरीही 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. घेतली.

डी.एस्सी.साठी मार्गदर्शक होते एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथाला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि त्या प्रस्तावनेतच अनेक मुद्द्यांवर आपला मतभेद नोंदवला. नुसती स्तुती करणाऱ्या दहा पत्रांपेक्षा मला ही प्रस्तावना वजनदार वाटते. सेलिग्मन यांच्याशीही संबंध तुटला नाही: प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा बाबासाहेबांचा ग्रंथ 1925 मध्ये निघाला, तेव्हा त्याची प्रस्तावना त्यांचीच होती.