बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ

शिक्षकाच्या यशाचे माप आकड्यांवरून घ्यावे की शिष्यांवरून, हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे पहिले शिक्षक डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या चरित्राने त्यावर चांगला प्रकाश पडतो. त्यांच्या कारकीर्दीत संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. जयांहून पराजय अधिक असलेला त्या विद्यापीठाचा संघशिक्षक हा एकच. आणि मौज ही की, तो खेळ निर्माण करणाराही हाच!

नेस्मिथ यांचा जन्म ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील आल्मॉन्ट गावाजवळ झाला. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे मातापितर विषमज्वराने निवर्तले व मामांनी त्यांचा सांभाळ केला. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ते लाकूडतोडीच्या कामास लागले. परंतु विद्येवाचून तरणोपाय नाही हे उमगताच काही वर्षांनी ते पुन्हा शाळेत गेले, आणि १८८३ साली त्यांनी मॅकगिल विद्यापीठात प्रवेश मिळविला. पदवीनंतर त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. धर्मोपदेशक होऊ पाहणाऱ्याने फुटबॉल खेळावा, हे त्यांच्या काही मित्रांस रुचत नसे. तथापि व्यासपीठाप्रमाणे क्रीडांगणावरही चारित्र्य घडविता येते, अशी त्यांची खात्री झाली होती. म्हणून १८९० साली ते स्प्रिंगफील्ड येथील वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेत गेले.

तेथे हिवाळ्यात बंदिस्त व्यायामशाळेतील कवायतीस विद्यार्थी कंटाळून गेले होते. त्यांच्याकरिता चौदा दिवसांत नवा खेळ शोधून काढण्याची आज्ञा प्रमुख शिक्षक ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथ यांस केली. मैदानी खेळ घरात आणण्याचे सारे प्रयत्न फसले. धक्काबुक्कीने दुखापती होऊ लागल्या. तेव्हा त्यांनी मुळाशी जाऊन विचार केला. चेंडू घेऊन धावण्याची मनाई केली, तर खेळाडूस पाडण्याचे कारणच उरत नाही. आणि लक्ष्य डोक्याच्या वर ठेवले, तर चेंडू जोराने न मारता हळुवार उंच फेकावा लागतो. मग दहा फूट उंचीवर गॅलरीच्या कठड्यास पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकण्यात आल्या, तेरा नियम लिहिले गेले, आणि डिसेंबर १८९१ मध्ये नऊ-नऊ गड्यांचा पहिला सामना झाला. त्यात टोपलीत चेंडू पडला तो एकदाच!

पुढे डेन्व्हर येथे नोकरी करीत त्यांनी वैद्यकीची पदवी मिळविली व १८९८ साली ते कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. प्रार्थनेची व्यवस्था आणि व्यायामशिक्षण ही दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. जिंकण्यापेक्षा शरीर व शील बनविण्याकडे त्यांचे लक्ष अधिक असे. बास्केटबॉल हा खेळावयाचा खेळ आहे, शिकवावयाचा नव्हे, असेच त्यांचे मत होते. त्यांचा शिष्य फॉग ॲलन याने मात्र गुरूचे हे मत खोटे ठरविले. १९०७ साली त्यांच्यामागून संघाची सूत्रे ॲलनकडे आली, आणि त्याने आपल्या हयातीत ७४६ सामने जिंकून दाखविले. ॲलनच्या हाताखाली खेळलेले ॲडॉल्फ रप व डीन स्मिथ यांनी तर प्रत्येकी आठशेंहून अधिक विजय मिळविले.

१९३३ च्या सुमारास जॉन मॅक्लेंडन नावाचा कृष्णवर्णीय तरुण तेथे शिकावयास आला. वर्णामुळे विद्यापीठाच्या संघात त्याला मज्जाव होता; परंतु वृद्ध नेस्मिथ यांनी त्याला आपल्या मार्गदर्शनाखाली घेतले. ज्याला मैदानावर पाऊल टाकू दिले नाही, तोच पुढे संघशिक्षक झाला आणि १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे त्याच्या टेनेसीतील संघाने राष्ट्रीय स्पर्धेत अजिंक्यपद मिळविले.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत बास्केटबॉलला प्रथमच स्थान मिळाले. संघशिक्षकांनी वर्गणी जमवून आपल्या आद्य गुरूस तेथे पाठविले. अंतिम सामना त्यांची जन्मभूमी कॅनडा व कर्मभूमी अमेरिका यांच्यात झाला आणि अमेरिकेने तो १९-८ असा जिंकला. यानंतर तीन वर्षांनी, २८ नोव्हेंबर १९३९ रोजी, लॉरेन्स येथे त्यांनी देह ठेवला.

या खेळावर त्यांनी धन जोडले नाही. साठ पराजयांची नोंद त्यांच्या नावापुढे कायम आहे. पण शिष्य-प्रशिष्यांच्या विजयांची मोजदाद केली, तर हा पराभूत शिक्षक कोणास हरलेला वाटेल? विद्यार्थिमित्रहो, सामना हरून घरी परतताना या गुरूचे अवश्य स्मरण करावे.