दख्खनच्या माशांना मराठी नावे देणारे कर्नल साईक्स

मीरा-भाईंदरच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा भाग उल्हास नदीतून उचलला जातो, हे येथील बहुतेक रहिवाशांना ठाऊक असते. मात्र त्यातील एक वाटा मूळचा कोकणातला नाही. मावळात आंध्रा नदीवर १९२२ मध्ये पूर्ण झालेल्या ठोकरवाडी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली उतरते, भिवपुरीच्या वीजगृहातील चक्रे फिरवते आणि उल्हासला मिळते. शहाडजवळ ते उचलले जाते आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरकडे वळते. आंध्रा ही इंद्रायणीची उपनदी आणि इंद्रायणी भीमेची. थोडक्यात, खाडीकाठच्या या शहरात भीमा खोऱ्याचे पाणीही पोहोचते. त्या खोऱ्यातील माशांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय नोंद करणारा माणूस पेशाने सैनिक होता. त्याचे नाव कर्नल विल्यम हेन्री साईक्स.

साईक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. १८०४ मध्ये, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. पुढच्याच वर्षी भरतपूरच्या वेढ्यात त्यांनी लढाईचा पहिला अनुभव घेतला. १८१७ मध्ये खडकी आणि पुणे येथील ज्या लढायांनी पेशवाईचा शेवट जवळ आणला, त्यांत साईक्स देशी पलटणीचे नेतृत्व करीत होते. ज्या प्रदेशात ते शस्त्र घेऊन उतरले, तोच पुढे त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय ठरला.

चार वर्षे युरोपात प्रवास करून १८२४ मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी अहवालकार नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतील लोकसंख्या, जमिनीचा धारा, पिके आणि हवामान यांची माहिती गोळा करणे, हे त्यांचे काम. महसूल बसवणाऱ्या नव्या राज्यकर्त्यांना ही माहिती हवी होती, यात शंका नाही. पण साईक्स यांची जिज्ञासा सरकारी चौकटीत मावणारी नव्हती. गावोगाव तंबू टाकत फिरताना त्यांनी हवेचा दाब मोजला, रानरेशमाच्या किड्यांची माहिती जमवली, पक्षी टिपले आणि नदीकाठी कोळ्यांच्या जाळ्यात येणारा प्रत्येक मासा तपासला. १८२९ मध्ये हे पद रद्द झाले. तरीही त्यांनी रजा मिळवून १८३१ च्या जानेवारीत काम पूर्ण केले आणि मगच मायदेशाची वाट धरली.

१८३२ मध्ये त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. त्यांतील पन्नासच्या आसपास जाती शास्त्राला नव्या मानल्या गेल्या. एका चंडोलाला त्यांनी देवा आणि एका वटवट्याला रामा असे जातिनाम दिले. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात चाळीसहून अधिक माशांचे वर्णन होते आणि चित्रे प्रत्यक्ष मापे घेऊन काढलेली होती.

या निबंधाचे वेगळेपण नावांत आहे. नव्या जातीला लॅटिन विशेषण किंवा एखाद्या प्रतिष्ठिताचे नाव देण्याची त्या काळी रीत होती. साईक्स यांनीही काही माशांना आपल्या परिचितांची नावे दिली. पण बहुसंख्य माशांसाठी त्यांनी कोळ्यांच्या तोंडची नावेच रोमन लिपीत उतरवून शास्त्राच्या वहीत नोंदवली. खुद्री, कोळस, शिंगटी, टाकरी, बोगट ही नावे थोड्याफार अपभ्रंशाने आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. रोहटी हे तर एका प्रजातीचे नाव झाले. यामागील त्यांचा विचार व्यवहारी होता. पुढे कोणी अभ्यासक या मुलखात आला, तर त्याने स्थानिक माणसाला हेच नाव सांगावे आणि मासा हाती घ्यावा. हीच परंपरा पुढे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या मराठी मत्स्यशास्त्रज्ञाने चालवली. १९५२ मध्ये वर्णिलेल्या एका माशाला त्यांनी खवलचोर हे नाव शास्त्रात कायमचे मिळवून दिले.

साईक्स यांनी पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर, मुळा-मुठेच्या पात्रातून वर्णिलेला खुद्री म्हणजेच दख्खनचा महाशीर. गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी मंडळींत या कुळाचा मोठा दबदबा आहे. इंग्लंडमध्ये ट्राउट मासे सोडलेल्या जलाशयांच्या काठावर उभे राहून, पिसांनी बांधलेला कृत्रिम कीटक पाण्यावर फेकत मासे पकडण्याचा छंद रुजला. सॉमरसेटमधील ब्लॅगडन जलाशय १९०४ पासून त्यासाठी प्रसिद्ध आहे. ट्राउटला थंड पाणी लागते. भारतात तो काश्मीर, हिमाचल आणि निलगिरीसारख्या उंच भागांतच तगला. महाराष्ट्राच्या उबदार पाण्यात त्याची जागा महाशीरने घेतली.

मात्र धरणे, प्रदूषण आणि बेसुमार मासेमारीने महाशीर घटू लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला लोणावळ्याजवळ इंद्रायणीवरील वळवण जलाशयाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीने त्याच्या कृत्रिम प्रजननाचे काम हाती घेतले. डॉ. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी मादीच्या पोटातून अंडी हलक्या हाताने काढून फलित करण्याची पद्धत बसवली. तेथून लक्षावधी पिल्ले राज्यातील आणि परराज्यांतील जलाशयांत सोडण्यात आली. एकेकाळी धोक्यातील मानला गेलेला खुद्री जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आता सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे.

या यशाला दुसरी बाजूही आहे आणि तिथे साईक्स यांची नावे पुन्हा समोर येतात. लोणावळ्याचा खुद्री कावेरीतही सोडला गेला. त्या नदीत पाठीवर मदार असलेला, आकाराने प्रचंड असा तिचा स्वतःचा महाशीर होता. त्याला अनेक वर्षे साईक्स यांनीच घोड नदीतून वर्णिलेल्या मुसुल्ला या वेगळ्याच माशाचे नाव चिकटवले गेले होते. नावच चुकीचे असल्याने त्याचा स्वतंत्र हिशेब कोणी ठेवला नाही. कावेरीकाठच्या गळ-शिबिरांतील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा मदारीचा महाशीर झपाट्याने कमी होत असून बाहेरून आलेला खुद्री वाढत असल्याचे दिसले. २०१८ मध्ये त्याची खरी ओळख टॉर रेमादेवी अशी पटली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. मासे सोडण्याआधी त्या पाण्यात आधीपासून कोण राहते, हे नावानिशी माहीत असावे लागते, हा धडा त्यातून मिळाला.

साईक्स यांचे उर्वरित आयुष्य मायदेशात गेले. १८३४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होते. १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आणि पुढे अध्यक्ष ही पदेही त्यांनी भूषवली. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबरडीनचे खासदार होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी खुद्री पाहिला, त्या मुळा-मुठेच्या पात्रात आज पुण्याचे सांडपाणी वाहते. मात्र वाडा तालुक्यातील तिळसे येथे, वैतरणेच्या डोहात, देवाचे मासे म्हणून महाशीर आजही राखले जातात. तेथे गळ टाकला जात नाही. नदीतील जीवांची मोजदाद करणारे सरकारी पद १८२९ मध्ये रद्द झाले, पण मोजण्याची गरज संपलेली नाही. पुढील नोंदवही उघडणाऱ्या अभ्यासकालाही सुरुवात साईक्स यांच्यासारखीच करावी लागेल. आधी काठावरच्या कोळ्याला माशाचे नाव विचारावे लागेल.